फुगडीत मोडलेला खांदा

माझ्या उजव्या बाजूला, गळ्याजवळच्या आडव्या हाडावर, आवळ्याएवढा उंचवटा आहे. ब्लाउजचं माप घेणारी बाई विचारते, डॉक्टर बदलला की नवा डॉक्टर विचारतो, आणि मी अजूनही पटकन खरं सांगत नाही. "लहानपणी पडले होते," म्हणते. लहानपणी कुठची! चांगली लग्न झालेली, कपाळभर कुंकू लावलेली बाई होते. आणि पडले ती विहिरीवर नाही, गोठ्यात नाही, कडब्याच्या गंजीवरून नाही. फुगडी खेळताना पडले.

यात लाजण्यासारखं काय, असं माझी नात विचारते. तिच्या कॉलेजातल्या मुली बॅडमिंटन खेळून खांदे दुखवून घेतात, गळ्यात पट्टा अडकवून सगळीकडे मिरवतात. मिरवू देत बापड्या. "आमच्या वेळी" एवढे दोन शब्द उच्चारले की ती उठून जाते, म्हणून तिला न सांगता इथं लिहिते.

महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. माहेर बीबी गावाच्या बाजूला, सासर मेहकराकडे, मध्ये बैलगाडीची एक दिवसाची वाट. लग्नानंतरची पहिली नागपंचमी म्हणून वडील न्यायला आले होते. सासूबाईंनी, म्हणजे आम्ही ज्यांना आत्याबाई म्हणायचो त्यांनी, निघताना एवढंच सांगितलं, "पोळ्याच्या आंधी ये. निंदण हाये, पाणी हाये, माह्ये गुडघे चालत नाहीत." त्यात काही खोटं नव्हतं. त्यांना सून हवी होती ती हातपाय म्हणूनच हवी होती, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर स्वयंपाक बेताचा, शिवण नावापुरतं, बोलणं फटकळ. एकच गोष्ट मला अशी येत होती की गावातल्या बाया कौतुकानं बघायच्या, ती म्हणजे फुगडी. समोरची दमून हात सोडायला आली की मला खरा जोर चढायचा. मारुतीच्या पारासमोर आमचा फेर धरला जायचा, आणि लग्न होऊन आलेली मी, तीन महिने सासरी मान खाली घालून वावरलेली मी, त्या दिवशी जरा जास्तच माजले होते. मैत्रिणीचे हात धरले, अंग मागं टाकलं आणि गरागरा फिरले. पार, झाड, बाया, लुगड्यांचे रंग, सगळं एक झालं. बाया ओरडत होत्या, "अवो, पुरे करा!" मी म्हणाले, "काऊन पुरे?"

हातांना घाम होता. तिचे हात सुटले आणि मी पाराच्या दगडी कडेवर खांद्यानं आपटले. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो मलाच ऐकू आला असावा, कारण बाकीच्या अजून हसत होत्या.

मान एका बाजूला अडकली होती, हात उचलत नव्हता. पण सूज यायला वेळ लागतो, आणि तोवर सगळ्यांनी ठरवून टाकलं की लचक भरली. लचकेवर आमच्याकडे औषध ठरलेलं. जी बाई पायाकडून जन्मली, जी पायाळू, तिनं दुखऱ्या जागेला पाय लावायचा. गावात अशी एक होती, अंगानं दणकट, मनानं फार चांगली. मला घोंगडीवर पालथी निजवली, भोवती बाया उभ्या राहिल्या, आणि तिनं माझ्या खांद्यावर टाच ठेवून दाब दिला. मी अशी किंचाळले की पारावरचे पुरुष उठून आले. नवी लग्न झालेली मुलगी, डोक्यावर पदर नाही, केस सुटलेले, पालथी पडलेली, अंगावर बाईचा पाय. गावातले सगळे काका, मामा, आजे बघताहेत. दुखण्यापेक्षा तेच जास्त आठवतं. पायाळू बाई बिचारी रडायला लागली. नुसतं तडकलेलं हाड तिच्या टाचेखाली सरकलं होतं, हे दुसऱ्या दिवशी हाडवैद्यानं सांगितलं.

त्यानं दोन्ही खांदे मागं ओढून, बगलेतून लेपात भिजवलेली कापडाची पट्टी फिरवून आवळली. हात झोळीत घातला. "उचलायचं नाही, पाणी नाही, दळण नाही," असं तो वडिलांना सांगत होता. मला नाही, वडिलांना. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "खेळाले गेली होती ना. आता सासरी काय सांगू?" आईला वेगळीच काळजी होती. धाकट्या बहिणीला नुकतेच पाहुणे बघून गेले होते. तिची थोरली बहीण फुगडीत खांदा मोडून माहेरी बसली, हे त्यांच्या कानावर जायला नको होतं. म्हणून मला माहेरी ठेवता येईना. पट्टी ओली होती तोवरच मला गाडीत बसवलं.

सासरी पोचले तेव्हा आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "विहिरीवर पडली काय?" वडील होय म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. "फुगडी," ते म्हणाले. आत्याबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी घागर उचलली, डोक्यावर ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी विहिरीकडे चालत्या झाल्या. मी ओट्यावर उभी राहून त्यांची पाठ बघत राहिले. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

एका हाताची बाई घरात काहीच करू शकत नाही, उलट दुसऱ्या बाईचे दोन हात अडकवून ठेवते. माझी वेणी आत्याबाई घालायच्या. लुगडं त्या नेसवायच्या, कासोटा खोचून द्यायच्या. चोळीची बाही उसवून खांद्यावर नाडीनं बांधली होती, ती त्या रोज बांधायच्या आणि रोज सोडायच्या. अंघोळ त्याच घालायच्या. त्या एक शब्द टाकून बोलल्या असत्या तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण त्या काही बोलायच्याच नाहीत. मान जरा वळवली की कळ डोक्यात जायची, म्हणून मी सगळं अंग फिरवून बघायची, आणि जिकडे फिरावं तिकडे त्या काहीतरी उचलत असायच्या.

आमचे हे रोज संध्याकाळी हुतूतू खेळायला जायचे. एकदा गुडघे फुटून, कोपर सोलवटून आले. आत्याबाईंनी हळद गरम केली, स्वतःच्या हातानं लावली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरगं ऐकतच नाही बाप्पा, तिघाइले खाली पाडून आलं." आवाजात कौतुक मावत नव्हतं. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. मला राग यायला हवा होता. आज येतो. तेव्हा फक्त एवढं वाटलं की त्यांची गोष्ट वेगळी, ते पुरुष आहेत, आणि मी अजून थोडी भिंतीकडे सरकले.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते माझ्याशी बोलत नसत, तशी रीतच नव्हती. घरात शिरण्याआधी ते दाराबाहेर खोकायचे. मी पदर डोक्यावर घ्यायचा, बांगड्या वाजवायच्या, मग ते आत यायचे. आता एका हातानं पदर ओढला की मागून निसटायचा, पुन्हा ओढला की पुढून निसटायचा. बाहेर खोकला चालूच. माझी बांगडी वाजेपर्यंत ते खोकत राहायचे. दम लागल्यासारखे खोकायचे. एकदा शेजारच्या म्हातारीनं विचारलंही, "तुह्या सासऱ्याले खोकला झाला काय वो?"

मामाजींची मान डावीकडे कललेली होती. गावात ही मान सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी कापसाची गाडी उलटायला लागली, बैल खाली सापडणार होता, तर यांनी मान लावून जू उचलून धरलं आणि बैल वाचवला, असं पोरांना सांगितलं जायचं. पोळ्याच्या तोरणाखाली पाटलांच्या जोडीनंतर लगेच मामाजींची जोडी उभी राहायची, ती या मानेमुळे. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनीच मला ही गोष्ट सांगितली होती, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

पोळा जवळ आला तसं घरात काय शिजतंय ते मला कळायला लागलं. शेजारणीशी बोलताना आत्याबाई आवाज खाली आणायच्या, पण मातीच्या घरात आवाज कुठं जाणार? पोळा झाला की हिला बापाकडे नेऊन घालायचं. हात नीट झाला तर बघू, नाही झाला तर त्यांनीच ठेवून घ्यावी. ह्यांना विचारलं तर खाली बघून म्हणाले, "मी काय बोलू? आई म्हणते ते." नेऊन घातलेल्या बाईचं पुढं काय होतं ते मी पाहिलं होतं. आमच्या गल्लीत एक होती. ती सगळ्यांचे पापड लाटून द्यायची आणि कुणाच्याही लग्नात पुढं यायची नाही. त्यातून माहेरी धाकटी बहीण उजवायची होती. मी लपून हात उचलून बघायची. कमरेपर्यंत यायचा. कमरेवर घागर कुणी नेत नाही असं नाही, पण आमच्या विहिरीच्या पायऱ्या उंच होत्या आणि घागर डोक्यावरच चढवावी लागायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या त्या खांद्यांवर हळद कालवलेलं गरम तूप चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं. अंगणात बैल धुऊन बांधले होते. आजूबाजूचे चारदोन लोक आले होते, चुलत सासू ओट्यावर बसली होती. मी दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून. मामाजी बैलाच्या मानेवर दोन्ही हातांनी तूप जिरवत होते. तिथले केस झडून कातडं गुळगुळीत झालं होतं, आणि ते बोटांनी अशी जागा शोधत होते की बैलाला दुखू नये, पण कळावं.

चुलत सासू मोठ्यानं म्हणाली, "मंग पोळा झाल्यावर नेऊन घालता ना हिले?"

"घालतो ना," आत्याबाई म्हणाल्या. "बापाले निरोप धाडला. कामानं मोडली असती ना, तं म्या जलमभर बसून खाऊ घातलं असतं. खेळून मोडली. खेळून!"

मामाजींचे हात थांबले. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात पुसले आणि तोंड न फिरवता म्हणाले, "मंग मलेही नेऊन घाल."

"तुमाले? तुमाले कुठी?"

"जिथं हिले घालशीन तिथं. मी बी खेळूनच मोडलो."

कुणाला काही कळलं नाही. मामाजी आता लोकांकडे वळले. त्यांना सबंध अंग फिरवावं लागायचं, मला लागत होतं तसंच. इतक्या दिवसांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"गाडी नव्हती," ते म्हणाले. "बैल बी नव्हता. नागपंचमीचा हुतूतू होता, मारोतीच्या मांगच्या वावरात. पोरं अंगावर पडली, मान खाली राह्यली. बापाले लाज वाटली, त्यानं सोयरिकीसाठी गाडी सांगतली. मंग लोकच सांगत राह्यले. म्या काई सांगतलं नाही, अन् नाही बी म्हणलं नाही."

मग मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. आत्याबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं ज्या मानेचा त्यांना अभिमान होता, ती मान त्यांच्याच नवऱ्यानं चार लोकांत उघडी करून ठेवली होती, आणि तीही सुनेसाठी. त्यांच्या लग्नाची सोयरीकच त्या गाडीच्या गोष्टीवर झाली होती, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं असणार.

मामाजींनी तुपाची वाटी उचलली. तळाशी थोडं उरलं होतं. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली, माझ्यापासून हातभर लांब, आणि आत्याबाईंना म्हणाले, "हे तिच्या खांद्याले लाव. आवतन बी दे." आणि पायताण घालून बाहेर निघून गेले.

लोक पांगल्यावर आत्याबाई आत आल्या. त्यांनी नाडी सोडली, पट्टीच्या कडेनं बोटं घालून हाड सुजलं होतं तिथं तूप लावलं. बैलांच्या वाटीतलं, बैलांचे दोन केस त्यात होते. आवतनाचे शब्दही त्यांनी म्हटले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला म्हणतात तेच, तसेच. मला रडू आलं. बैलांच्या रांगेत बसवलं म्हणून लाज वाटली, आणि त्यापेक्षा जास्त लाज अशी की ते तूप लागताच मला फार बरं वाटलं होतं.

मला नेऊन घातलं नाही. वडिलांना पुन्हा निरोप गेला, काय गेला माहीत नाही, ते आले नाहीत. दसऱ्यापर्यंत हात डोक्यापर्यंत यायला लागला, दिवाळीत मी घागर आणली. आत्याबाईंनी तो विषय नंतर कधी काढला नाही, आणि गाडीची गोष्टही त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकली नाही.

पण मला सांगायचा आहे तो दुसरा दिवस, पोळ्याचा.

बाया माळवदावर चढून पोळा बघायच्या. मीही एका हातानं शिडी धरून चढले. खाली वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली सजवलेल्या जोड्या, शिंगांना रंग, पाठीवर झुली. मामाजींनी आपली जोडी नेहमीच्या जागी, पाटलांच्या मागं आणली. पोळ्यात झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी गाणी, आणि त्यात कुणीही कुणाला काहीही म्हणावं अशी मोकळीक असते. एका पोरानं रातोरात नवी झडती रचली होती. ती मी इथं लिहिणार नाही. त्यात फुगडीवाली सून होती आणि हुतूतूवाला सासरा होता, एवढं पुरे. सगळी वेस हसली. आमच्या माळवदावरच्या बाया आधी हसल्या आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

कुणीतरी ओरडलं, "मांगं घ्या हो जोडी, इथं कामाचे लोक उभे राह्यतात!"

गंमतीतच म्हणाला असेल. पाटलांनी हात वर करून त्याला गप्प केलं. पण मामाजींनी कासरा ओढला. बैल मागं फिरवायला दाटीत जागा नव्हती, इतरांनी आपल्या जोड्या बाजूला घेतल्या, वाट करून दिली, आणि ते आपली रंगवलेली जोडी घेऊन सबंध रांगेच्या कडेकडेनं मागं मागं गेले. शेवटी, गरीब घरांचे मातीच्या रंगाचे बैल उभे होते, तिथं जाऊन उभे राहिले. कलत्या मानेचा माणूस गर्दीत लांबूनही ओळखू येतो. मी माळवदावरून शेवटपर्यंत बघत होते. मला कुणी उतर म्हटलं नाही, आणि मलाही उतरता आलं नाही.

बैल घरी यायची वेळ झाली तेव्हा आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्या डाव्या हातात दिला. बैलांच्या पायांवर पाणी सुनेनं घालायचं असतं. त्यांनी माझा पदर स्वतःच्या हातानं डोक्यावर नीट बसवला, केसांत खोचला, निसटणार नाही असा.

बाहेर घुंगरं थांबली. मग खोकला ऐकू आला.

मी लगेच बांगड्या वाजवल्या. पदर डोक्यावरच होता, मी तयारच होते. तरी खोकला थांबेना. मी तांब्या खाली ठेवून हात उंबऱ्यावर आपटला, बांगड्या चांगल्या खणखणल्या, एक तर पिचली. आत्याबाई माझ्या मागं उभ्या होत्या, त्याही ऐकत होत्या. दार उघडंच होतं. आता तोंड लपवायला पदर त्यांनाच हवा असल्यासारखे मामाजी बाहेर उभे राहून खोकतच होते.